कुरणावर गेलेली शाळा : कोसबाडच्या ग्राम बाल शिक्षा केंद्राची वाटचाल

ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम १९४५ मध्ये बोर्डीला सुरू झाले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर आले. तेव्हा हा सारा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची नावे या संस्थेशी इतकी एकरूप झाली आहेत की संस्थेचा इतिहास लिहायला बसले की त्यांचेच चरित्र लिहून होते. या लेखातही त्या दोघी पानोपानी भेटतील. पण लेखाचा विषय त्यांनी हाती घेतलेला एक प्रश्न आहे. जिथे घरे रानभर विखुरलेली आहेत, एका ठिकाणी एक वर्ग भरेल इतकी मुले राहतच नाहीत आणि जी आहेत ती दिवसभर कामावर असतात, तिथे शाळा कशी असावी? बोर्डी आणि कोसबाड मिळून या प्रश्नाचे जे उत्तर तयार झाले, ते पुढे सगळ्या देशाच्या उपयोगी पडले. ते कसे घडत गेले, हे स्मरणिकेच्या निमित्ताने सलग सांगावे असे वाटले.

मुलूख आणि माणसे

पश्चिमेला समुद्र, पूर्वेला सह्याद्रीच्या पायथ्याकडे चढत जाणारे डोंगर आणि मधून मुंबईहून गुजरातकडे धावणारी रेल्वे, असा डहाणू तालुका आहे. घोलवड स्टेशनावर उतरले की एका बाजूला बोर्डीचा किनारा लागतो आणि दुसऱ्या बाजूला कोसबाडची टेकडी. किनारपट्टीला चिकूच्या वाड्या, बागायत, मच्छीमारी आणि जुनी नांदती गावे आहेत. रेल्वेरुळांच्या पूर्वेला चालू लागले की चित्र पालटते. गवताचे माळ, साग-ऐनाचे रान, पावसाळ्यापुरती पिकणारी भातखाचरे आणि त्यांत पसरलेले वारली पाडे.

पाडा म्हणजे घट्ट बांधलेले गावठाण नव्हे. कारवीच्या कुडाची, शेणमातीने लिंपलेली घरे आपापल्या खाचराजवळ, पाण्याच्या सोयीने उभी असतात. एका घरून दुसऱ्या घरी जायचे तर बांध ओलांडावा लागतो, ओहोळ उतरावा लागतो. महसुली दप्तरात गाव एक असते, पण त्याचे पाडे मैल-दोन मैलांच्या अंतरावर पसरलेले असतात. पावसाळ्यात ओहोळ भरले की पाड्यांचा एकमेकांशी संबंधही तुटतो. गावाच्या मध्यभागी शाळा बांधावी म्हटले, तर मध्यभाग कोणता हेच ठरवता येत नाही.

या भूगोलापेक्षा कठीण होती ती माणसांची परिस्थिती. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन सावकार-जमीनदारांच्या हाती गेली होती आणि वारली त्याच जमिनीवर कुळे म्हणून खंड भरत होते. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की खावटी काढायची आणि पीक आल्यावर ती वाढीव फेडायची. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघांनी मालकाकडे वर्षानुवर्षे राबायचे. अशांना लग्नगडी म्हणत. मालकाने बोलावले की वेठीला जावेच लागे. दिवाळीनंतर मालकांच्या माळावर गवत कापायचे. ते गवत मुंबईला जाई आणि त्यावर व्यापारी श्रीमंत होत.

संस्था बोर्डीत सुरू झाली त्याच १९४५ साली या मुलखाने मान वर केली, ही गोष्ट विसरता येत नाही. जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. मे महिन्यात झरी गावी वारल्यांची मोठी सभा भरली आणि वेठबिगार न करण्याचा निर्धार झाला. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली लग्नगडी मोकळे होऊ लागले. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण मारले गेले. गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हा काळ लिहून ठेवला आहे. ग्राम बाल शिक्षा केंद्र त्या लढ्याचा भाग नव्हते. त्याचा मार्ग निराळा होता. पण ज्या आईबापांनी नुकतेच मालकापुढे ताठ उभे राहायला सुरुवात केली होती, त्यांच्याच मुलांसाठी हे काम पुढे उभे राहिले. म्हणून या दोन घटना एकत्र ठेवून पाहिल्याशिवाय त्या वर्षाचे मोल कळत नाही.

दोन कार्यकर्त्या

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. घरातले वातावरण सुधारणावादी, मुलीने शिकावे या मताचे. मुंबई विद्यापीठाची पदवी घेतल्यावर त्यांनी अध्यापनाचे क्षेत्र निवडले. राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्राचार्य होत्या. ते पद सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेकांकडे गेल्या आणि तिथे त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली. गिजुभाईंनी माँटेसरी पद्धतीला भारतीय घराचे रूप दिले होते. मुलाला मारायचे नाही, भीती घालायची नाही, बक्षिसाचे आमिषही दाखवायचे नाही. त्याच्या हाताला काम आणि इंद्रियांना खाद्य द्यायचे, मग ते आपणहून शिकते, हा तिथला मूळ विचार. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला आणि ‘शिक्षणपत्रिका’ घरोघर जाऊ लागली. पुढे ताराबाई मुंबईला आल्या आणि १९३६ मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केले.

शिशुविहाराला यश मिळाले, पण त्याच यशामुळे ताराबाईंना एक प्रश्न सतावू लागला. आपली बालशाळा शहरातल्या, फी भरू शकणाऱ्या घरांतल्या मुलांपुरतीच राहणार का? माँटेसरीचे घडीव लाकडी साहित्य महाग होते, त्यासाठी स्वतंत्र खोली हवी आणि शिकलेली शिक्षिका हवी. ज्या खेड्यांत देशातली बहुतेक मुले राहतात तिथे यातले काहीच नव्हते. १९४४ च्या सार्जंट अहवालाने तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी शाळांची शिफारस केली होती. सेवाग्रामला गांधीजींच्या नई तालीमच्या वर्तुळात पूर्वबुनियादी शिक्षणाची चर्चा चालू होती. काळ अनुकूल होता. हवा होता तो खेड्यात जाऊन करून पाहण्याचा निर्धार. काँग्रेसचे नेते बाळासाहेब खेर यांनी बोर्डी सुचवली. बोर्डीला १९२० पासून गोखले एज्युकेशन सोसायटीचे हायस्कूल होते, आणि आचार्य भिसे व चित्रे गुरुजी यांच्यामुळे ते गाव शिक्षणाचे ठिकाण म्हणून आधीच नावाजलेले होते.

अनुताईंची वाट याहून खडतर. जन्म १७ मार्च १९१० चा. लहानपणीच लग्न झाले आणि काही महिन्यांतच वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीचे आयुष्य स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात संपत असे. अनुताई शिकल्या, शिक्षिका झाल्या, नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यात त्यांनी नोकरी केली आणि नंतर पुण्याच्या हुजूरपागेत शिकवले. पदवी त्यांनी घेतली ती पन्नाशी ओलांडल्यावर, कोसबाडच्या कामाच्या ऐन धबडग्यात. १९४५ मध्ये बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टचे ग्रामसेविकांचे शिबिर होते. तिथे त्यांची ताराबाईंशी भेट झाली. ताराबाईंना खेड्यात राहून काम करील अशी सहकारी हवी होती आणि अनुताईंना खेड्यात जायचे होते. पुण्याची स्थिर नोकरी सोडून त्या बोर्डीला आल्या. ताराबाईंकडे विचार आणि प्रयोगाची शिस्त होती. तो विचार रोज सकाळी पाड्यात नेऊन पडताळण्याची चिकाटी अनुताईंकडे होती. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाईंचे निधन होईपर्यंत ही सोबत टिकली.

बोर्डी : शाळा अंगणात येते

बोर्डीत पहिला अनुभव कोणत्याही नव्या संस्थेला येतो तोच आला. बालवाडी उघडली, पण ज्या मुलांसाठी ती उघडली तीच येईनात. आईबाप पहाटेच कामावर जात. मुलाला न्हाऊमाखू घालून, केस विंचरून, वेळेवर शाळेत सोडण्याची सवड गरीब घरात कोणाला असणार? अस्पृश्यतेचा काच होता. हरिजनवाड्यातले मूल गावातल्या इमारतीत यायला बुजत असे आणि गावालाही ते आलेले रुचत नसे. मच्छीमार मांगेले, दुबळा, धोडिया, वारली अशा वस्त्यांचे रीतिरिवाज आणि दिवसाचे वेळापत्रकही वेगवेगळे होते.

अशा वेळी लोकांनाच दोष देणे सोपे असते. त्यांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही, असे म्हणून मोकळे होता येते. ताराबाईंनी तसे केले नाही. त्यांनी दोष शाळेच्या रचनेत शोधला. मूल येऊ शकत नसेल तर शाळेने त्याच्याकडे गेले पाहिजे, हा संस्थेचा पायाभूत विचार इथे ठरला आणि त्यातून अंगणवाडी आली. शिक्षिका वाड्यात जाई आणि घरापुढच्या अंगणात किंवा झाडाखाली मुलांना गोळा करी. काम सुरू होई ते स्वच्छतेपासून. डोळे पुसायचे, नाक साफ करायचे, नखे कापायची, खरजेला औषध लावायचे. मग गाणी, गोष्टी, खेळ. हे सारे आईच्या, आजीच्या डोळ्यांसमोर चाले, त्यामुळे मुलाबरोबर घरही शिकत होते. डोळ्यांत औषध कसे घालतात, चिडलेल्या मुलाला न मारता कसे शांत करतात, हे ओट्यावर बसलेली आजी रोज बघत असे. एकीकडे मध्यवर्ती बालवाडी आणि दुसरीकडे वस्तीवस्तीतली अंगणवाडी, अशी दुहेरी रचना बोर्डीत तयार झाली.

साधनांचा प्रश्नही तिथेच सुटला. माँटेसरी साहित्याचा हेतू नीट समजून घेतला तर त्यासाठी कारखान्यातले लाकूड लागत नाही, हे या दोघींनी दाखवून दिले. लहानमोठेपणा, जडहलकेपणा, खरखरीत आणि गुळगुळीत, रंग, आवाज, वास यांची ओळखच मुलाला करून द्यायची आहे ना? मग शंखशिंपले, चिंचोके, सागरगोटे, गारगोट्या, पिसे, पाने, बिया, बांबूच्या पेरांचे तुकडे, ताडाची पाती, माती आणि गेरू हे सगळे दाराशी पडलेलेच होते. ते गोळा करणे हाही मुलांचा खेळ झाला. कमी पैशांत चालणारी बालवाडी म्हणजे हलक्या दर्जाची बालवाडी, ही समजूत या कामाने खोटी ठरवली. मुलाकडे पाहण्याची शास्त्रीय दृष्टी तीच राहिली. फक्त वस्तू त्याच्या ओळखीच्या झाल्या.

कोसबाड : टेकडीवरचे नवे प्रश्न

१९५७ मध्ये संस्था कोसबाडला आली. कृषिशिक्षणाच्या कामामुळे टेकडीवर गोखले एज्युकेशन सोसायटीचा वावर होताच. बोर्डीला निदान गाव होते, वाडे होते, ओळीने घरे होती. इथे पाडे होते. अंगणवाडीची रीत जशीच्या तशी इथे चालणार नव्हती, कारण अंगणेच एकमेकांपासून दूर होती.

सुरुवातीला मुले अनोळखी माणूस दिसला की पळत. पांढरपेशा वेशातला माणूस म्हणजे मालकाचा कारकून, जंगलखात्याचा शिपाई नाहीतर वसुलीला आलेला, हा पिढ्यांचा अनुभव होता. त्याची भीती मुलांत उतरली तर नवल नाही. बायाही बोलत नसत. प्रमाण मराठी मुलांना परकी होती आणि वारली बोली शिक्षिकांना. पाड्यात जात राहणे, आजारी माणसाला औषध देणे, कोणाच्या लग्नाला, कोणाच्या दुःखाला हजर राहणे, बोली कानावर पडू देणे आणि ती बोलण्याचा प्रयत्न करणे, हाच तिथला पहिला अभ्यासक्रम होता आणि तो शिक्षिकांसाठी होता. अनुताई टेकडीवर राहायलाच आल्या होत्या, ही गोष्ट लोकांच्या लक्षात आली तेव्हा दारे उघडली. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या आपल्या पुस्तकात त्यांनी या दिवसांची हकीकत सांगितली आहे.

मुले शाळेत का येत नाहीत, याचा शोध घेताना दोन गोष्टी पुन्हा पुन्हा समोर आल्या. सहा-सात वर्षांच्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड असते. ते सोडून ती येऊ शकत नाही. त्याच वयाचा मुलगा गुरांमागे रानात असतो. गुरे सोडून तो येऊ शकत नाही. दोघांचेही काम घराला आवश्यक होते. आई आवणीला किंवा गवतकापणीला गेली तरच चूल पेटणार होती, आणि तिला जाता यावे म्हणून मुलीने तान्हे सांभाळायचे होते. गुरे शेतात घुसली तर वर्षाचे पीक जाणार होते. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १९४७ मध्ये मुंबई प्रांतात झालेला होता, पण कायद्याची नोटीस काढून मुलीच्या कडेवरचे मूल खाली ठेवता येत नव्हते.

संस्थेने या दोन अडचणींना दोन उत्तरे दिली आणि ती दोन्ही इतिहासात नोंदवण्यासारखी आहेत.

विकासवाडी

पहिले उत्तर विकासवाडी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवायच्या. मोठी बहीण येताना तान्ह्याला घेऊन येईल आणि ते पाळणाघरात ठेवील. मधले भावंड बालवाडीत बसेल. ती स्वतः प्राथमिक वर्गात जाईल. मधल्या वेळेत उठून ती तान्ह्याला पाहून येईल. म्हणजे जिच्या शिक्षणात भावंड आड येत होते, ती भावंडामुळेच शाळेत येऊ लागेल. आईचा दिवस मोकळा होईल, तान्ह्याला स्वच्छ जागा आणि वेळेवर खाणे मिळेल, आणि मुलीच्या हातात पाटी येईल.

या रचनेत शिक्षणशास्त्राचाही मोठा विचार होता. बालवाडीतून पहिलीत जाताना मूल एकदम दुसऱ्या जगात जाते. कालपर्यंत गाणे, माती आणि खेळ, आणि आज पाटी घेऊन हाताची घडी. आदिवासी मुलांची गळती याच उंबरठ्यावर सर्वाधिक होई. विकासवाडीत हा उंबरठा काढून टाकला. पहिली-दुसरीचे वर्ग बालवाडीच्या पद्धतीने चालले. गणित बियांनी आणि काठ्यांनी, भाषा गाण्यांनी आणि गोष्टींनी, निसर्गाचा अभ्यास बाहेरच्या रानात. वारली मुलाला झाडांची, पाखरांची, पावसाच्या चिन्हांची माहिती शिक्षिकेपेक्षा जास्त असे. ते ज्ञान वर्गात मोलाचे धरले गेले. एखाद्या पाखराचे घरटे कुठे असते हे सांगताना जे मूल धीट होते, ते मग अक्षरांशीही धीटपणे वागते, हे शिक्षिकांना रोज दिसत होते. तारप्यावरचा नाच, कणसरी या धान्यदेवतेची गाणी, सणावाराच्या रीती यांना शाळेच्या दाराबाहेर थांबावे लागले नाही.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत टप्पा सलग मानला आहे. बालवाडीची वर्षे आणि पहिली-दुसरी एकत्र विचारात घ्यावीत, असे ते धोरण सांगते. कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी हे सलग शिक्षण त्याआधी सहा दशके प्रत्यक्ष चालत होते, याचा आपल्याला सार्थ अभिमान वाटला पाहिजे.

कुरणशाळा

दुसरे उत्तर कुरणशाळा. गुराखी मुले सकाळी गुरे सोडून माळावर जात ती संध्याकाळी परत येत. विकासवाडी त्यांच्या काही कामाची नव्हती. मग शिक्षक पिशवी खांद्याला लावून कुरणावर गेले. पिशवीत पाट्या, खडू, चित्रे, गोष्टींची पुस्तके, खेळाचे साहित्य. झाडाच्या सावलीत मुले जमली की शाळा भरली.

कुरणावर शिकवणे हे वर्गात शिकवण्याहून कठीण असते. एक डोळा गुरांवर ठेवावा लागतो. गुरे पांगली की मुले उठून धावतात आणि धडा तिथेच थांबतो. म्हणून धडे छोटे हवेत, कुठेही तोडता आणि पुन्हा जोडता येतील असे हवेत. आज आलेली मुले उद्या दुसऱ्या माळावर असतील, तेव्हा प्रत्येक दिवस स्वतःपुरता पुरा व्हायला हवा. वेगवेगळ्या वयांची मुले एकत्र असतात, म्हणून मोठ्याने धाकट्याला शिकवायचे. मोजायला गुरेच समोर असतात. किती निघाली, किती आली, किती वासरे, किती दुभती, यातून बेरीज-वजाबाकी सहज होते. ऊन-सावलीवरून दिशा, दगडमातीवरून जमिनीचे प्रकार, गवताच्या जातींवरून वर्गीकरण. धावणे, झाडावर चढणे, नेम धरणे हे तर त्यांचेच प्रांत. शिक्षकाने त्यांत नियम, गाणे आणि गणना आणली की तो शिक्षणाचा भाग झाला.

कुरणशाळेने इयत्तांची आणि परीक्षांची चौकट बाजूला ठेवली होती. त्यामुळे हजेरीपटावर आणि निकालपत्रावर तिचे यश मापणे अवघड होते, आणि अशा शाळेला सरकारी अनुदानाच्या नियमांत बसवणेही. तरीही संस्थेने ती चालवली, कारण गुराख्याचा पोरगा शिकण्यालायक आहे एवढेच सिद्ध करायचे नव्हते. त्याच्या दिवसाला, त्याच्या कामाला मान देऊन शिक्षण देता येते, हे सिद्ध करायचे होते. त्याला काम सोडून ये असे सांगणारी शाळा त्याच्या घराविरुद्ध उभी राहते. कुरणशाळा त्याच्या घराच्या बाजूने उभी राहिली. दिवसा ज्यांना हेही जमत नव्हते, त्यांच्यासाठी रात्रीचे वर्ग भरले.

शिक्षिका घडवणारी टेकडी

छोट्या शाळेची खरी ताकद तिच्या शिक्षिकेत असते. मोठ्या शाळेत एक शिक्षक कमी पडला तर दुसरा सांभाळून घेतो. पाड्यावरच्या शाळेत एकच बाई असते आणि शाळा म्हणजे तीच. म्हणून प्रशिक्षण हे सुरुवातीपासून संस्थेच्या कामाचे अंग राहिले. बालसेविकांचे वर्ग टेकडीवरच होत आणि शिकवणी पाड्यांवर. शिकाऊ सेविकेने गोष्ट सांगायला शिकावी, तशी तिने मुलाची जखम धुवायला, साहित्य स्वतः बनवायला, पाड्यातल्या बाईशी बोलायला आणि दोन-तीन ओहोळ ओलांडून रोज वेळेवर पोहोचायलाही शिकावे, अशी अपेक्षा असे. स्थानिक मुलींनी हे काम हाती घ्यावे यावर अनुताईंचा कटाक्ष होता, कारण बाहेरून आलेली बाई कधीतरी परत जाते.

ताराबाईंनंतर अनुताईंनी संस्थेची धुरा वाहिली. बालशिक्षणाच्या जोडीला स्त्रियांचे आरोग्य, व्यसने, अंधश्रद्धा, हक्क यांविषयीही त्यांनी काम आणि लेखन केले. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली. २७ सप्टेंबर १९९२ रोजी अनुताई गेल्या. पुण्याहून बोर्डीला आल्याला तेव्हा सत्तेचाळीस वर्षे होत आली होती, आणि ती सारी वर्षे त्यांनी याच मुलखाला दिली.

वारसा आणि आजची जबाबदारी

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. आज देशभरात तेरा लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत. लसीकरण, पोषण आहार, गरोदर मातांची तपासणी आणि शालापूर्व शिक्षण या सगळ्यांचा वस्तीतला पत्ता अंगणवाडी हाच असतो. बोर्डीच्या वाड्यांत जी कल्पना आकाराला आली, ती अशी खेडोपाडी पोहोचली. मात्र विस्तारात मूळ विचारातला एक भाग मागे पडला, हेही इथे नमूद केले पाहिजे. आहार आणि नोंदवह्या यांच्या ओझ्याखाली अनेक ठिकाणी शिक्षण दुय्यम झाले. ताराबाई-अनुताईंच्या अंगणवाडीत मुलाच्या पोटाची आणि मनाची काळजी एकत्र घेतली जात होती, आणि ती घेणाऱ्या बाईला त्याचे रीतसर शिक्षण मिळालेले असे.

कुरणशाळेचा विचारही महाराष्ट्रात पुढे चालत राहिला. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या. वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कुटुंबांसाठी याच ठाणे-पालघर पट्ट्यात भोंगाशाळा चालल्या. दुर्गम वस्त्यांसाठी वस्तीशाळा आल्या. या प्रत्येकीची माणसे वेगळी, काळ वेगळा. पण मूल जिथे आहे तिथे शाळा, हे सूत्र तेच.

आणि म्हणूनच आजच्या एका प्रश्नावर या संस्थेच्या इतिहासाने स्पष्ट बोलले पाहिजे. कमी पटाच्या शाळा बंद कराव्यात, जवळच्या मोठ्या शाळेत विलीन कराव्यात, त्यांच्या जागी समूहशाळा काढाव्यात, असे प्रस्ताव महाराष्ट्रात गेली काही वर्षे येत आहेत. त्यामागे कारणे दिली जातात: दहा-बारा मुलांसाठी दोन शिक्षक परवडत नाहीत, मुलांना सवंगडी मिळत नाहीत, प्रयोगशाळा आणि मैदान देता येत नाही. ही कारणे खोटी नाहीत. मोठ्या वयाच्या मुलांसाठी, चांगला रस्ता आणि खात्रीची गाडी असेल तिथे, मोठी शाळा लाभाचीही ठरेल. पण सहा वर्षांच्या मुलीला पाड्यावरून चार किलोमीटर जायला सांगणे म्हणजे तिची शाळा बंद करणेच होय. शिक्षण हक्क कायद्याखाली प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असा जो निकष ठरला, तो अशाच मुलींसाठी. पावसाळ्यात ओहोळाला पाणी आले की कागदावरची गाडी येत नाही. पट कमी आहे याचा अर्थ त्या वस्तीला शिक्षणाची गरज कमी आहे असा होत नाही. वस्ती विरळ आहे, एवढाच त्याचा अर्थ. विरळ वस्तीत शाळा छोटीच असणार, आणि ती चांगली कशी होईल हे पाहणे हे शासनाचे आणि समाजाचे काम आहे.

ती चांगली होऊ शकते, याचा पुरावा कोसबाडने दिला आहे. वेगवेगळ्या वयांची मुले एकत्र बसतात ही अडचण न मानता तिचीच पद्धत बनवता येते. महागडे साहित्य नसले तरी शास्त्रशुद्ध शिकवता येते. घरची बोली वर्गात आली तर प्रमाण भाषाही लवकर येते. पाळणाघर, बालवाडी आणि शाळा यांचा मेळ घातला तर मुलींची गळती थांबते. यासाठी इमारतीआधी एका गोष्टीची गरज असते: नीट शिकलेली, मुलांवर जीव असलेली, वस्तीत टिकून राहणारी शिक्षिका. तिला पुरेसा पगार, सन्मान आणि वेळोवेळी प्रशिक्षण मिळाले पाहिजे. या तीन गोष्टींवर होणारा खर्च दोन-चार शाळा बंद करून वाचणाऱ्या पैशांपेक्षा देशाला कितीतरी जास्त परत देतो.

आज टेकडीभोवतीच्या पाड्यांपर्यंत वीज, रस्ते आणि मोबाइल आले आहेत. शिकलेल्या वारली मुली शिक्षिका, परिचारिका, सरपंच होत आहेत. तरीही दिवाळीनंतर कुटुंबे कामासाठी बाहेर पडतात आणि त्यांच्याबरोबर मुलेही शाळेतून निघून जातात. कुरण बदलले आहे, पण शाळेने उठून जावे असे मूल अजूनही आहे. ते वीटभट्टीवर असेल, बांधकामावर असेल, रेती काढणाऱ्यांच्या पालात असेल. ग्राम बाल शिक्षा केंद्राचा इतिहास जपायचा तर या मुलांची यादी दरवर्षी करावी, ती कुठे जातात ते शोधावे आणि त्यांच्या मागे शिक्षिका पाठवावी. ताराबाई आणि अनुताईंनी ज्या रीतीने काम केले, त्या रीतीने ते आजही करता येते, आणि ते केले पाहिजे.